झाकण बंद असलं की

रात्रीची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की दीक्षा फळीवरून स्लो कुकर खाली काढायची. आतलं मातीचं भांडं चांगलंच जड होतं, त्यामुळे दोन्ही हातांनी पोटाशी धरून उतरवावं लागे. शेजारी ट्रान्सफॉर्मर. कुकर अमेरिकेचा, इथल्या भिंतीतली वीज त्याला सोसायची नाही. म्हणून धम्मदीपनं बुधवार पेठेतून विटेएवढा लोखंडी ठोकळा आणून मध्ये बसवून दिला होता. तो सुरू झाला की बारीक घूं घूं करत राही. मग दीक्षा भांड्यात धुतलेली तूरडाळ घालायची, दुधीच्या फोडी, आल्याचा तुकडा, हळद, मीठ, पाणी. कधी मूग आणि गाजर, कधी भिजवलेले छोले. वर काचेचं झाकण. बटण फिरवून ती हात पुसायची आणि त्या क्षणी तिला रोज बरं वाटायचं, सकाळ अर्धी जिंकल्यासारखं.

सकाळ जिंकावीच लागे. कंपनीची बस हायवेच्या पुलाखाली यायची आणि ड्रायव्हर कुणासाठी थांबायचा नाही. दीक्षा हिंजवडीतल्या एका कंपनीत टेस्टिंगला होती. लोकांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्या सभ्य शब्दांत लिहून कळवायच्या, हे तिचं काम. धम्मदीप दुसऱ्या कंपनीत. पहिल्या वेळी कंपनीच्या कामाला ऑनसाइट, अमेरिकेला जाऊन आला तेव्हा हा कुकर घेऊन आला होता, आणि आता पुन्हा सहा महिन्यांसाठी ओहायोला गेला होता. वारज्याच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दीक्षा, चौदा महिन्यांची पूर्वा आणि सासूबाई सुंदराबाई, अशा तिघीच होत्या.

सुंदराबाई ओट्याला टेकून तो सगळा विधी बघत उभ्या राहायच्या.

"शिजतंय का निजलंय गं ते?"

"शिजतंय, आई. सकाळी बघा."

"आवाज न्हाई, वाफ न्हाई. माणूस असता तर दवाखान्यात नेला असता."

दवाखाना हा सुंदराबाईंच्या बोलण्यात कुठूनही यायचा, कारण उभा जन्म त्यात गेला होता. दौंडजवळच्या खेड्यातून लग्न होऊन त्या येरवड्याला आल्या, सीतारामांच्या एका खोलीत. सीताराम खडकीच्या कारखान्यात कामाला होते, पण दम्यानं वरचेवर घरी बसायचे. मग सुंदराबाई एका इस्पितळात आया म्हणून लागल्या. दिवसपाळी कधी मिळाली नाही. संध्याकाळी निघायचं, सकाळी परतायचं. पोरगा शाळेत जायचा तेव्हा त्या अजून बसमध्ये असायच्या.

त्याला सकाळी गरम खायला मिळावं म्हणून त्यांनी भुशाची शेगडी धरली होती. पत्र्याचा डबा, मध्ये बाटली उभी करायची, वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा तिच्याभोवती ठासून भरायचा, मग बाटली अलगद वर ओढून घ्यायची. राहिलेल्या पोकळीत खालून जाळ लावला की तो डबा रात्रभर आतल्या आत धुमसत राही. दाराबाहेर ती शेगडी, तिच्यावर पातेलं, पातेल्यावर दगड ठेवलेली थाळी. हुलगे, मसुरा, महिन्यातून एखाद्या वेळी बकऱ्याचा पाया. धम्मदीप सकाळी उठायचा, दगड बाजूला करायचा आणि आई घरात नसताना आईच्या हातचं जेवायचा.

म्हणूनच अमेरिकेतल्या दुकानात तो कुकर बघून त्याला राहवलं नव्हतं. बॅगेतून काढून त्यानं तो आईसमोर ठेवला होता. "आई, तुझी भुशाची शेगडी आणलीय बघ. फक्त भुसा लागत नाही."

सुंदराबाईंनी काचेवर बोट फिरवलं होतं. "आणि धूर?"

"धूरपण नाही."

"मग डोळ्यांतनं पाणी कशानं काढायचं?" त्या म्हणाल्या होत्या, आणि तिघंही हसली होती.

धूर नाही, याचा आनंद सगळ्यांत जास्त दीक्षाला झाला होता. त्याचं कारण मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. वेळ वाचतो, असं ती म्हणायची. आईंना पहाटे उठावं लागत नाही, असंही म्हणायची. दोन्ही खरंच होतं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती, आणि ती खरी तशीच लाजिरवाणी होती. कुकरला फोडणी लागत नसे. लसूण जळत नसे, काळ्या मसाल्याचा खकाणा उठत नसे, सुकट भाजली जात नसे. जिन्यानं वर येणाऱ्या माणसाला त्यांच्या दारासमोरून जाताना काहीच कळत नसे. सुंदराबाईंनी इथे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात बोंबील तव्यावर टाकले तेव्हा दीक्षानं धावत जाऊन खिडक्या लावल्या होत्या, आणि पुढे हळूच म्हणाली होती, "आई, आपण कुकरमध्येच करत जाऊ सगळं. झाकण बंद असलं की वास बाहेर जात नाही."

खरं तर त्या इमारतीत तिला कधी कुणी काही म्हटलं नव्हतं. समोरच्या यमुनाकाकू शनिवार पेठेतली जागा सोडून इथे आल्या होत्या. त्यांचे यजमान शरच्चंद्र सोसायटीचे सचिव. काकूंनी एकदाच, जिन्यात, "मूळ गाव कुठलं तुमचं?" असं विचारलं होतं. दीक्षानं गावाचं नाव सांगितलं, आणि आडनाव विचारण्याआधीच दूध उतू जात असल्यासारखी आत पळाली. दारावरच्या पाटीवरही आडनाव नव्हतं, नुसतं 'धम्मदीप – दीक्षा'. ही दोन नावं आडनावापेक्षा जास्त बोलतात, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण माणूस डोळे मिटून घेतो तेव्हा आपण दिसेनासे झालो असं त्याला थोडं वाटतंच.

लहानपणी तिला असली लाज ठाऊक नव्हती. चौदा एप्रिलला पांढरा फ्रॉक घालून ती वस्तीतल्या मंडपात भाषण करायची, माईक तोंडापेक्षा वर असायचा आणि ती टाचा उंच करून बोलायची. मग कधीतरी इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, खोलीतल्या मुलीनं तिचं आडनाव ऐकून "अच्छा" म्हटलं. एवढंच. भांडण नाही, टोमणा नाही. त्या दिवसापासून दीक्षा लोकांच्या तोंडातून तो शब्द बाहेर पडायच्या आधीच विषय बदलायला शिकली होती.

पूर्वा अजून चालत नव्हती. भिंतीला धरून उभी राहायची, कुल्ले हलवायची, आणि कुणी हात पुढे केला की बसकण मारायची. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, काही मुलं उशिरा चालतात. सुंदराबाईंना ते पटेना.

"पाया पाज तिला. धम्मदीपबी असाच बसून राहिला होता. चार वेळा रस पाजला, पाचव्याला बोळात पळाला."

"डॉक्टरांनी कॅल्शियम दिलंय की, आई."

"कॅल्शियम म्हंजे काय, हाडच ना? मी हाडच शिजवते म्हणते."

"इथे नको." दीक्षा म्हणाली. मग तिचं तिलाच ते कसंतरी वाटलं, म्हणून तिनं जोडलं, "किती तास लागतात त्याला. तुमची कशाला दगदग?"

सुंदराबाईंनी तो शब्द ऐकला असावा, 'इथे'.

पुढच्या रविवारी त्या येरवड्याला जाऊन आल्या. सीताराम गेल्यावरही तिथली खोली त्यांनी ठेवली होती. महिन्यातून एकदा झाडून यायच्या, शेजारणींशी बोलून यायच्या. संध्याकाळी परतल्या तेव्हा हातात कापडी पिशवी होती. दीक्षा त्या दिवशी अंगात कणकण घेऊन पडली होती. त्यात कंपनीचं मोठं काम सोमवारी बाहेर पडायचं होतं आणि शनिवारही ऑफिसातच गेला होता. खिचडीचे चार घास खाऊन ती पूर्वाला कुशीत घेऊन झोपून गेली.

त्या रात्री कुकर सुंदराबाईंनी लावला. पहिल्यांदाच. खाटकाकडून भाजून, खरवडून आणलेले चार पाय त्यांनी पुन्हा हळदीनं चोळून धुतले, आलं-लसूण ठेचलं, मिरे घातले, कांदा घातला. बटण कसं फिरवायचं ते रोज बघून पाठ झालं होतं. खिडक्या त्यांनी मुद्दाम उघडल्या नाहीत, की लावूनही घेतल्या नाहीत; होत्या तशा राहू दिल्या. झाकण बंद असलं की वास बाहेर जात नाही, असं सुनेनंच सांगितलं होतं. आणि सून शिकलेली होती.

डाळीचं एक ठीक आहे. पण पाया रात्रभर उकळला की कुठल्याही काचेखाली राहत नाही.

दीक्षाला जाग आली ती वासानंच. क्षणभर तिला आपण माहेरी आहोत असं वाटलं आणि फार बरं वाटलं. मग ती ताडकन उठून बसली. वास भिंतींना चिकटला होता, पडद्यांत शिरला होता. तिनं स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. सुंदराबाई पूर्वाला कडेवर घेऊन वाटीत रस गाळत होत्या, आणि चेहऱ्यावर कुणाला तरी चकित करायला टपलेल्या माणसाचं हसू होतं.

"झोपली होतीस म्हणून उठवली न्हाई. बघ कसा झालाय. तुझं भांडं चांगलं हाय हां, मी उगा नावं ठेवत होते."

तेवढ्यात बेल वाजली.

दीक्षानं दार अर्धंच उघडलं. यमुनाकाकू उभ्या होत्या, हातात दुधाच्या पिशव्या.

"अहो, हा वास कसला येतोय? आमचे हे पहाटेपासून गच्चीपर्यंत चकरा मारतायत. त्यांना वाटलं उंदीरबिंदीर मेला कुठे."

आणि दीक्षा बोलली. तिला विचार करायला वेळ मिळाला नाही असं तिला पुढे पुष्कळदा स्वतःला सांगावंसं वाटलं. पण वाक्य इतकं गुळगुळीत बाहेर आलं, की ते कुठेतरी आधीच करून ठेवलेलं असावं.

"आमच्याकडे एक बाई आहेत ना स्वयंपाकाला, त्यांनी केलंय काहीतरी. त्यांना कळत नाही. मी सांगते त्यांना."

यमुनाकाकूंची नजर तिच्या खांद्यावरून आत गेली आणि तिथेच थोडा वेळ थांबली. दीक्षाला मागे वळायची गरज नव्हती. मागे चमच्याचा आवाज थांबला होता.

"हो का," काकू म्हणाल्या. "बरं."

आणि समोरचं दार लागलं.

सुंदराबाईंनी पूर्वाला मांडीवर घेतलं आणि फुंकर घालून घालून सगळी वाटी पाजली. पूर्वानं मिटक्या मारल्या. दीक्षानं आंघोळ केली, डबा भरायला आली तर डबा भरलेला होता. पोळ्या आणि बटाट्याची कोरडी भाजी. पायाच्या रसातलं काही नव्हतं. डबा घेताना दोघींची बोटं एकमेकींना लागली नाहीत, कारण सुंदराबाईंनी तो हातात न देता ओट्यावर ठेवला.

बसमध्ये दीक्षाला वाटत राहिलं की ओढणीला वास येतोय. ऑफिसात जेवताना एकीनं विचारलं, "दीक्षा, तुझ्या त्या कुकरचं नाव सांग ना. माझा भाऊ येतोय स्टेट्सहून, मागवते." दीक्षानं नाव सांगितलं, बटणांची माहिती दिली, रात्री काय घालायचं आणि सकाळी काय काढायचं ते सांगितलं. बोलताना तिचे कान तापले होते. दुपारी दोनदा तिनं घरचा नंबर फिरवला आणि पहिल्या घंटीलाच ठेवून दिला.

संध्याकाळी घरी आली तर घर लख्ख होतं. पडदेसुद्धा धुऊन वाळत घातले होते. कुकर घासून फळीवर ठेवला होता.

"आई," ती म्हणाली, "सकाळी मी…"

"हात धू. पोरीला घे. सकाळपासून आई आई करतीय."

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओहायोहून फोन आला, दीक्षानं तो स्पीकरवर टाकला, आणि धम्मदीप पूर्वाला हाका मारत असतानाच स्वयंपाकघरातून आवाज आला, "ताई, भाजी कंची चिरू?"

धम्मदीप हसला. "आई ताई कुणाला म्हणतेय?"

"तुझ्या बायकोला," सुंदराबाई आतूनच म्हणाल्या. "सवय व्हावी म्हणून."

"कसली सवय?"

"हितं शहरात असंच म्हणत्यात."

त्याला ती गंमत वाटली. आई वारज्याला आल्यापासून शहरावर टोमणे मारतच होती. दीक्षा फोनपाशी उभी होती आणि तिला घामानं पाठ ओली झाल्याचं कळत होतं. सुंदराबाई आता सांगतील, या क्षणी सांगतील, असं तिला वाटत होतं. त्यांनी सांगितलं नाही. उलट फोनवर येऊन थंडीचं विचारलं, कानटोपी घालतोस का विचारलं, आणि "तुझी बायको लई राबते, तिला ओरडत जाऊ नको," असं सांगून फोन तिच्या हातात दिला. दीक्षाला वाटलं, यापेक्षा त्यांनी सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

शनिवारी सुंदराबाईंनी पिशवी भरली. "आठ दिवस जाऊन येते. खोली बंद राहून कुबट झालीय." आठ दिवस म्हणजे किती, हे दीक्षानं विचारलं नाही. सोमवारपासून तिनं रजा टाकली. रविवारी रात्री सवयीनं कुकर खाली काढला, डाळ घातली, मग आपण सकाळी कुठेच जाणार नाही आहोत हे आठवून ट्रान्सफॉर्मरची घरघर ऐकत तशीच बसून राहिली.

मंगळवारी तिनं समोरची बेल वाजवली. बेल वाजवण्याआधी ती दारासमोर बराच वेळ उभी होती, पूर्वा कडेवर.

यमुनाकाकूंनी दार पूर्ण उघडलं. "या. आज कामाला नाही?"

"काकू, मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी म्हणाले ना, स्वयंपाकाच्या बाई…"

"सासूबाई ना तुमच्या? माहितीये मला."

दीक्षानं पूर्वाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आल्या त्याच आठवड्यात सांगितलं होतं त्यांनी. गच्चीवर. मी कुरडया घालत होते, त्या आपणहून हात लावायला आल्या. माझा मुलगा अमेरिकेत, माझी सून कंपनीत, सगळं सांगून झालं. बराच वेळ सुनेचंच चाललं होतं."

"मग त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी काय बोलायचं?" यमुनाकाकूंनी चष्मा पुसला. "तुमच्या सासूला तुम्ही बाई म्हणालात. त्यात माझं काय काम?"

दीक्षानं बोलायचं म्हणून म्हटलं, "तुम्हाला वासाचा त्रास झाला, म्हणून मला…"

"वासाचा झालाच. आम्हाला नाही सोसत तो. खिडकी उघडत जा, पंखा लावत जा, इतकंच सांगायला आले होते मी. ते वेगळं आणि हे वेगळं." मग पाटीच्या दिशेनं हनुवटी हलवून त्या म्हणाल्या, "आणि दारावर धम्मदीप लिहिलंय. आम्हाला वाचता येतं, अहो. तुम्ही कुणापासून काय लपवताय ते मला काही समजलेलं नाही."

त्या आवाजात माया नव्हती, आणि त्याचा राग येण्याइतका अधिकार दीक्षाकडे उरला नव्हता.

"दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं," काकू म्हणाल्या. "म्हटलं, सून अशी कशी बोलली? तर मलाच म्हणाल्या, दमलेली असते हो पोरगी, झोपेत निघून जातं तोंडातून. झोपेत." त्यांनी दीक्षाकडे पाहिलं. "चहा घेता?"

"नको."

"बरं."

त्या दुपारी दीक्षा पूर्वाला घेऊन निघाली. मनपाच्या स्टँडवर बस बदलली, आणि येरवड्याला उतरून बोळ विचारत गेली. लग्नानंतर इथे ती मोजक्या वेळा आली होती, तीही रिक्षानं, सणाला, भरजरी साडीत. आज तिला दोनदा चुकायला झालं.

सुंदराबाईंचं दार सताड उघडं होतं. आत तीन-चार बायका बसल्या होत्या, कुणी लसूण सोलत होतं, कुणी नुसतंच बसलं होतं. दीक्षा उंबऱ्यात आली तशी सगळ्यांनी मान वर केली.

"ही कोण गं, सुंदरा?" एका म्हातारीनं विचारलं.

"माझी सून," सुंदराबाई म्हणाल्या. विचार न करता, हातातली लसणीची पाकळी खाली न ठेवता. "धम्मदीपची बायको. कॉम्प्युटरमदी हाय, मोठ्या कंपनीत. आणि ही माझी पूर्वा. ये गं बये."

बायकांनी जागा केली. म्हातारीनं दीक्षाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "नशीबवान हाय सुंदरा. माझी तर साधी हाक मारत न्हाई." दुसरी म्हणाली, "अगं, हिची सून हिला कामाला हात लावू देत न्हाई, रात्रीच सगळा सैपाक करून ठिवती. सांगत हुती ना काल?"

दीक्षाला ते ऐकवेना. तिथेच, सगळ्यांसमोर, मोकळं व्हावं असं तिला वाटलं. तिनं तोंड उघडलं. "आई, त्या दिवशी मी तुम्हाला…"

"गप," सुंदराबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण तो इस्पितळातला, पेशंटला पलंगावर परत बसवणारा आवाज होता. "उन्हातनं आलीस. पाणी पी."

बायका उठून गेल्या तेव्हा उन्हं कलली होती. सुंदराबाईंनी दार लोटून घेतलं. पूर्वा पत्र्याच्या पेटीला धरून उभी होती.

"त्यांच्यासमोर काय सांगायला निघाली हुतीस?"

"माफी मागणार होते."

"म्हंजे तुझं ओझं उतरलं असतं आणि ह्या बोळात माझं नाक गेलं असतं. उद्यापासनं मी कोण? सुनेनं मोलकरीण केलेली." त्या खाली बसल्या. "मला हितं मान हाय, दीक्षा. तेवढा एक राहू दे."

दीक्षाचं हेही चुकलं होतं. ती बोटांत ओढणीचं टोक गुंडाळत राहिली.

"बाई म्हणालीस त्याचं काय न्हाई," सुंदराबाई म्हणाल्या. "दवाखान्यात सगळे बाईच म्हणायचे. ए बाई भांडं आण, ए बाई चादर बदल. पण तवा माझ्या कडेवर तुझी पोरगी नसायची. मला एक सांग. लाज कशाची वाटली, माझी का पायाची?"

दीक्षानं खरं उत्तर शोधलं. सोपं उत्तर तिला सुचत होतं, आणि आज ते देऊन चालणार नव्हतं.

"दोन्हीची नाही," ती शेवटी म्हणाली. "आपण कोण ते त्यांना कळेल, याची."

"आणि कळल्यावर काय करणार हुती ती?"

"काही नाही."

"मग?"

बाहेर नळावर कुणीतरी हंडा आपटला. पूर्वा पेटी सोडून खाली बसली आणि रांगत आजीपाशी गेली.

"परत चला, आई."

"येईन की. माझ्या लेकाचं घर हाय." सुंदराबाईंनी नातीची टाच हातात घेऊन दाबून पाहिली. "पण धम्मदीपला म्हाईत न्हाई. मी सांगणार न्हाई. लेकाला सुनेचं गाऱ्हाणं सांगणारी बाई मी न्हाई. आणि त्याला न सांगता तुझ्या घरात मला वावरता येत न्हाई, रोज काहीतरी टोचून बोलते मी. त्या दिवशी ताई म्हणाले, मलाच घाण वाटली. तू सांग त्याला. सांगितलंस की कळव, मी येते."

"त्यांना फार लागेल."

"लागंल."

त्यांनी तिला जेवू घातलं. पूर्वाला रस पाजला, पेल्यात थोडा दीक्षालाही दिला. तिनं तो मान खाली घालून प्यायला. लहानपणचीच चव होती ती, अगदी तीच, आणि तिला ती गिळताना जड गेली. सुंदराबाई बस थांब्यापर्यंत आल्या नाहीत. उंबऱ्यातूनच पूर्वाला हात केला.

रात्री फोन वाजला तेव्हा दीक्षा स्वयंपाकघरात होती. पूर्वा झोपली होती. तिनं स्पीकर लावला नाही, रिसीव्हर कानाला धरला.

"काय चाललंय?" धम्मदीपच्या मागे त्याच्याकडच्या सकाळचे आवाज होते, कुणीतरी गाडीचं दार लावलं. "आईला दे जरा."

"त्या येरवड्याला आहेत. शनिवारपासून."

"का? बरं नाही का तिला?"

"बऱ्या आहेत. माझ्यामुळे गेल्यात."

"म्हणजे?"

तिनं सांगायला सुरुवात केली. पायापासून केली, मग तापापासून केली, रिलीजचं काम किती होतं तेही सांगितलं, आणि आपण वळणावळणानं चाललोय हे तिचं तिलाच ऐकू आलं. ती थांबली. मग कुठलंही कारण न देता, दारात काकू आल्या होत्या आणि आपण काय म्हणालो, तेवढंच सांगितलं.

लाईन तुटली असं वाटून तिनं "हॅलो" म्हटलं.

"मी आहे," धम्मदीप म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "माझ्या आईला काय म्हणालीस? परत सांग."

तिला वाटलं, नेमके शब्द आठवत नाहीत असं म्हणावं. रिसीव्हर तिच्या गालाला घामानं चिकटला होता. तिनं तो दुसऱ्या कानाला लावला, आणि एकही शब्द न गाळता ते वाक्य परत म्हटलं.